अपडेट कधी लावायचे? काकांच्या डब्याच्या वेळेला

आमच्या गावच्या वाचनालयाची अभ्यासिका आहे, तिथे आठ कॉम्प्युटर आहेत आणि आठही विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. मशीन्स जुनी, कुणीकुणी देणगी म्हणून दिलेली, त्यांच्यावर विंडोज ७ होतं आणि त्याचा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. ४ जीबी रॅमवर नवीन विंडोज काही धड चाललं नसतं, म्हणून २०२२ च्या दिवाळीत घरी आले होते तेव्हा चार दिवस बसून सगळ्यांवर उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. मी पुण्यात नोकरी करते, पंधरा दिवसांतून एकदा गावी जाते तेव्हा मशीन्स बघते, मधले सगळे दिवस तिथे काका असतात. काका म्हणजे वाचनालय उघडणारे, बंद करणारे, पुस्तकं देणारे-घेणारे, पोरांना चहाला पिटाळणारे, सगळं तेच.

तर काकांचा पहिल्यापासून एकच निरोप, की बाई सकाळी मशीन सुरू केली की तासभर नेट चालत नाही. मला वाटायचं नेटवाल्याचाच घोळ असेल. त्याला दोनदा फोनही झाले. मग एका शनिवारी मी सकाळी ८ ला स्वतः जाऊन बसले आणि बघितलं तर आठही मशीन्स एकाच वेळी अपडेट ओढत होती.

असं का होतं ते नीट सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला वेळ लागला आणि इंटरनेटवरचे बहुतेक लेख "अनअटेंडेड-अपग्रेड्स इन्स्टॉल करा, झालं" इथेच थांबतात. (नावं मी इथे मराठीत लिहितेय, टर्मिनलमध्ये आणि फाईलमध्ये ती इंग्रजीतच टाईप करायची, आकडेसुद्धा.)

उबुंटूत आपोआप अपडेट करणारं पॅकेज (सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा) म्हणजे अनअटेंडेड-अपग्रेड्स, ते बसवलेलंच येतं. पण ते कधी चालायचं हे ते स्वतः ठरवत नाही, ते ठरवतात सिस्टिमडीचे (मशीनवरची कामं सुरू-बंद करणारी व्यवस्था) दोन टायमर. एक एपीटी-डेली (एपीटी म्हणजे उबुंटूचं पॅकेजेस आणणारं-बसवणारं टूल), तो पॅकेजच्या याद्या आणतो आणि डाऊनलोड करून ठेवतो, तो सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ चा लावलेला असतो आणि त्यात बारा तासांपर्यंत रँडम उशीर असतो, म्हणजे जगभरच्या सगळ्या मशीन्सनी एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडू नये म्हणून. दुसरा एपीटी-डेली-अपग्रेड, तो प्रत्यक्ष इन्स्टॉल करतो, तो सकाळी ६ चा आणि त्यात तासाभरापर्यंतचा रँडम उशीर. आणि दोघांच्याही फाईलमध्ये पर्सिस्टंट=ट्रू अशी एक ओळ असते. त्या ओळीचा अर्थ असा की ठरल्या वेळी मशीन बंद असेल तर हुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर करायचं.

आता आमच्या अभ्यासिकेत बघा. रात्री ८ ला काका मेन बंद करून जातात. सकाळी ६ ला सगळी मशीन्स गाढ झोपेत. ८ ला काका येऊन मेन सुरू करतात, आठ मशीन्स एकदम उठतात, आठही जणींना आठवतं की सकाळचं काम राहिलंय, आणि पुढच्या तासाभरात आठही जणी तेच काम करायला बसतात. ज्याने कुणी सकाळी ६ ही वेळ ठरवली त्याने बरोबरच ठरवली, चोवीस तास चालणाऱ्या मशीनसाठी ती चांगली वेळ आहे. आमची मशीन्स तशी नाहीत. आणि खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं, सायबर कॅफे यातली किती मशीन्स रात्री चालू असतात?

नेट मंद चालणं तरी परवडलं, त्याहून वाईट गोष्ट पुढच्या पावसाळ्यात झाली. पावणेनऊच्या सुमारास लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या संपलेल्या. तीन नंबरच्या मशीनवर त्याच वेळी नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) इन्स्टॉल होत होता. लाईट आली, मशीन सुरू केलं, तर काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिक, रूट फाईलसिस्टिम माउंट करता येत नाही असं लिहून मशीन गप्प. त्या मशीनवर एक मुलगी भरतीचा फॉर्म भरत होती आणि त्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती. तिने शेजारच्या मशीनवर पुन्हा पहिल्यापासून भरला, फोटो-सही पुन्हा स्कॅन केली, संध्याकाळी कसाबसा गेला फॉर्म. काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ऐकून मला इतकं वाईट वाटलं की त्याच रात्री एसटी पकडली.

दुरुस्ती तशी अर्ध्या तासाची होती. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून ग्रबचा (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा) मेनू काढायचा (नवीन बायोसवाल्या मशीनवर एस्केप), ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जायचं, जुना कर्नल निवडायचा. जुना कर्नल उबुंटू लगेच काढून टाकत नाही, याच दिवसासाठी ठेवलेला असतो, त्याला हात लावू नका, डिस्क साफ करायच्या नादात सगळे जुने कर्नल उडवणारे लोक मी बघितलेत. जुन्या कर्नलवर मशीन उठलं, मग सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने), म्हणजे अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजेस पूर्ण कर. दोन-तीन मिनिटं ओळी सरकत राहिल्या, शेवटी इनिटरामएफएस (मशीन सुरू होताना कर्नलला डिस्क उघडून देणारी फाईल) तयार झाल्याची ओळ आली, रीस्टार्ट केलं आणि मशीन नव्या कर्नलवर उठलं. ते अर्धवट इनिटरामएफएसच सगळ्याचं मूळ होतं, ती फाईल लिहिली जात असतानाच लाईट गेली होती.

यावर कमिटीतल्या एकांचं म्हणणं पडलं की अपडेट बंदच करून टाक ना कायमचे. त्यांच्या बाजूने बघितलं तर चूक नाही, चालतंय त्याला कशाला हात लावायचा. पण मला ते अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही. ही मशीन्स एकट्याची नाहीत. दिवसभरात पन्नास पोरं येतात, तिथे बसून आधार अपलोड करतात, बँकेत लॉगिन करतात, फीचे पैसे भरतात, कुणी आपल्या आईच्या खात्यातून. अशा ब्राउझरमध्ये माहीत असलेलं भोक उघडं ठेवायचं म्हणजे वाचनालयाचं दार रात्री सताड उघडं टाकून जाण्यासारखं आहे. मशीन लॉक करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आठवतंय? १२ मे २०१७ ला जगभर मशीन्स लॉक झाली, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांची कामं थांबली, आणि ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. दोन महिने. फक्त लावला नव्हता लोकांनी.

दुसरी बाजू पण आहे हे मान्य. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स एका दिवसात आडवी झाली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले लोकांना. म्हणजे आंधळेपणाने येईल ते सगळं लगेच घेणं हाही उपाय नाही. उबुंटूचं डीफॉल्ट या बाबतीत मला शहाणपणाचं वाटतं, ५०अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाच्या फाईलमध्ये कुठून आलेले अपडेट आपोआप घ्यायचे त्याची यादी असते, तिच्यात सिक्युरिटीची ओळ चालू असते आणि साध्या अपडेट्सची ओळ समोर दोन तिरक्या रेघा मारून बंद ठेवलेली असते. मी ती तशीच ठेवली. बाकीचे अपडेट मी गावी गेले की आधी एका मशीनवर करते, दिवसभर पोरांना वापरू देते, मग बाकी सातांवर.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाईली दाबून लहान करणाऱ्या छोट्या टूलमध्ये मागचं दार घातलेलं सापडलं, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला, त्याला फक्त एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ का लागतोय याचा शोध घ्यायचा होता. ते डेबियन आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या टेस्टिंग आणि रॉहाइड या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचलं होतं, पण उबुंटू २२.०४ सारख्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत आलं नाही. सार्वजनिक मशीनवर स्थिर आवृत्ती आणि फक्त सिक्युरिटी अपडेट, यावर मी ठाम झाले ती त्या आठवड्यात.

तर अपडेट हवेतच, मग प्रश्न उरतो कधी. यासाठी मी टर्मिनल नाही उघडलं, काकांशेजारी बसून त्यांचा दिवस लिहून काढला. ८ ला उघडायचं. १ वाजता पोरं जेवायला जातात, अभ्यासिका बंद. काका घरी जात नाहीत, तिथेच डबा खातात, थोडं पेपर वाचतात, पावणेदोनला मेन बंद करून अर्धा तास आडवे होतात. ४ ला पुन्हा उघडायचं, ८ ला बंद. म्हणजे १ ते पावणेदोन ही वेळ अशी की मशीन्स चालू आहेत, पोरं नाहीत, नेट मोकळं आहे, आणि एक जबाबदार माणूस समोर बसलेला आहे. दिवसातली हीच वेळ आपली. रात्रीचे ३ नाहीत, पहाटेचे ६ नाहीत.

मग टायमर हलवले. सुडो सिस्टिमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर असं दिलं की एक फाईल उघडते, तिच्यात वरच्या मोकळ्या जागेत लिहिलेलं मूळ फाईलवर चढतं, मूळ फाईल तशीच राहते, त्यामुळे पुढच्या अपडेटमध्ये आपला बदल पुसला जात नाही. त्यात पहिली ओळ चौकटी कंसात टायमर, आणि मग एक ओळ जी मी पहिल्यांदा विसरले होते, ती म्हणजे ऑनकॅलेंडर= आणि पुढे काहीच नाही. रिकामी. ती रिकामी ओळ आधीची वेळ पुसते. ती नाही लिहिली तर नवीन वेळ जुन्या वेळेत मिळवली जाते आणि टायमर दोन्ही वेळांना चालतो, सकाळी ६ लाही आणि दुपारीही. मी आठवडाभर विचार करत होते की वेळ बदलली तरी सकाळी नेट का अडतंय. तर रिकामी ओळ, मग त्याखाली ऑनकॅलेंडर=१३:०५, मग रँडमाइज्डडिलेसेक=५मिनिट. एपीटी-डेलीलाही तसंच, त्याला साडेबाराची वेळ. सेव्ह करून बाहेर यायचं आणि सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स देऊन बघायचं, त्यात पुढची वेळ कोणती आणि मागची कधी झाली ते स्पष्ट दिसतं. हे बघितल्याशिवाय उठू नका.

झालं वाटलं. दोन आठवडे काकांचा काही निरोप नाही. मग फोन, की बाई बाकी सगळं ठीक आहे पण सोमवारी सकाळी नेट अजून अडतं. फक्त सोमवारी. मी लॉग बघितला तर खरंच, दर सोमवारी ८ नंतर अपडेट. दोन दिवस डोक्यात तेच, आणि ऑफिसला जाताना बसमध्ये एकदम लक्षात आलं की रविवारी अभ्यासिका बंद असते! रविवारी दुपारची १:०५ ची वेळ हुकते, पर्सिस्टंट ती लक्षात ठेवतो, आणि सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं की पहिलं ते काम. टायमरला रविवारची सुट्टी कुणी सांगितलीच नव्हती. ऑनकॅलेंडरमध्ये मंडे ते सॅटरडे असं दोन टिंबं देऊन लिहिलं की झालं, मग रविवार हुकलाच म्हणत नाही तो.

पर्सिस्टंट बंद का नाही केलं असं एकाने विचारलं. मुद्दाम नाही केलं. आमच्याकडे अधूनमधून दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट नसते, त्या दिवशी दुपारची वेळ हुकली तर लाईट आल्यावर उशिरा का होईना अपडेट झालेला मला हवा आहे.

रीस्टार्टचा प्रश्न आमच्याकडे आपोआप सुटला. कर्नल अपडेट झाला की मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय तो लागू होत नाही, तोपर्यंत वार-रन फोल्डरमध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाईल बसून राहते. पण काका रोज दुपारी मशीन्स बंद करतात आणि ४ ला सुरू करतात, तेव्हा नवा कर्नल लागतोच. म्हणून ऑटोमॅटिक-रीबूट मी फॉल्सच ठेवलं. काकांना बदलायला लावली ती एकच सवय, सरळ मेन ओढायचा नाही, आधी प्रत्येक मशीन शटडाऊन करायचं. शटडाऊन दिलं आणि अपडेट चालू असेल तर मशीन हातातला टप्पा पूर्ण होईपर्यंत थांबतं, मध्येच मान टाकत नाही. काकांनी त्यासाठी स्वतःची पद्धत काढली, एक ते आठ क्रमाने शटडाऊन देत जायचं, परत एकपासून बघत यायचं, सगळे स्क्रीन काळे झाले की मगच मेन.

नेटचं अजून एक. आठ मशीन्स तोच अपडेट आठ वेळा डाऊनलोड करत होत्या. पुस्तकांच्या नोंदीचं जे मशीन काउंटरवर आहे त्याच्यावर एपीटी-कॅशर-एनजी टाकलं, ते ३१४२ नंबरच्या पोर्टवर बसतं, बाकीच्या सातांना एका ओळीच्या फाईलने सांगितलं की पॅकेजेस याच्याकडून मागा. आता पहिल्या मशीनने मागितलं की ते इंटरनेटवरून येतं, बाकीच्यांना घरातल्या घरात मिळतं. मोबाईल डेटावर किंवा लिमिटेड प्लॅनवर शाळा चालवणाऱ्यांनी हे नक्की करा.

आणि फायरफॉक्स! हे बरेच जण विसरतात. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप (वेगळ्या पद्धतीने बसणारं पॅकेज) म्हणून येतं आणि स्नॅपचा एपीटीशी काही संबंध नाही, स्नॅप आपले आपण दिवसातून चार वेळा अपडेट तपासतात. वर केलेलं सगळं त्याला लागूच नाही. त्याची वेळ वेगळी लावायची, सुडो स्नॅप सेट सिस्टिम रीफ्रेश.टायमर=१३:००-१३:४५. आमच्या मशीनवर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात जास्त धोका असलेलं सॉफ्टवेअर हेच आहे, त्यामुळे हे सोडून चालणार नाही.

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारं जुनं टूल, त्याबद्दल दोन शब्द, कारण विचारलं जातं. क्रॉनटॅबमध्ये रात्री ३ ला एपीटी अपग्रेड -वाय असं लिहून ठेवणारे अजून खूप आहेत. रात्री बंद असणाऱ्या मशीनवर ते कधीच चालणार नाही आणि क्रॉन हुकलेलं काम परत करत नाही. शिवाय ते सिक्युरिटी आणि बाकीचं असा फरक करत नाही. फेडोरावाल्यांनी डीएनएफ-ऑटोमॅटिक बघा, फक्त त्याचं डीफॉल्ट नुसतं डाऊनलोड करून ठेवायचं असतं, अप्लाय-अपडेट्सला येस करावं लागतं, आणि अपग्रेड-टाईपला सिक्युरिटी.

आता दुसरी गोष्ट, वेळेचीच, पण सर्व्हरची. माझ्या मावसभावाचं गावात दूध संकलन केंद्र आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) भरलं की शेतकऱ्याची पावती निघते, आणि ती माहिती भाड्याने घेतलेल्या एका छोट्या सर्व्हरवर जाते. सर्व्हर कुणा ओळखीच्या मुलाने लावून दिलेला, चांगला लावलेला, ऑटोमॅटिक-रीबूट चालू, वेळ रात्री २:००. तरी महिन्यातून एकदा-दोनदा बरोबर सकाळी साडेसातला पावत्या बंद पडायच्या. साडेसात म्हणजे केंद्रावर कॅन घेऊन लाईन लागलेली असते, म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं ठेवायचं, दादाचा जीव खालीवर. मला दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा टाइमडेटसीटीएल (मशीनचं घड्याळ दाखवणारी कमांड) दिलं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर होता. तिथले रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात.

उत्तर सोपं वाटलं, टाईमझोन आशिया/कोलकाता करून टाकायचा. दादा म्हणाला कर. मी करणार होते आणि हात थांबला, कारण टाईमझोन बदलला की दोन गोष्टी हलतात. रीबूट आपल्या रात्रीच्या २ ला जाईल, ते छानच. पण इन्स्टॉल करणारा टायमर सर्व्हरच्या ६ ला चालतो, यूटीसीवर ते आपले साडेअकरा होते, केंद्र रिकामं. टाईमझोन बदलला की तो आपल्या सकाळच्या ६ ते ७ मध्ये येणार, म्हणजे ऐन दुधाच्या वेळेत, आणि डेटाबेसचं अपडेट असेल तर इन्स्टॉल होताना डेटाबेस रीस्टार्ट होतो. महिन्यातून एकदाचा त्रास जाऊन तिथे दुसरा त्रास आला असता आणि कुणालाच कळलं नसतं का. म्हणून टाईमझोन बदलला त्याच बैठकीत टायमर सकाळी साडेअकराला बांधला, रीबूट रात्री २ ला ठेवला. सकाळचं दूध साडेआठला संपतं, संध्याकाळचं ५ ला सुरू होतं, मध्ये काही बिघडलं तरी दुरुस्त करायला हातात पाच तास. रीबूट मात्र रात्रीच होणार, म्हणून दादा आता पहाटे केंद्र उघडायच्या आधी मोबाईलवरून एक खोटी पावती काढून बघतो.

अभ्यासिकेत आता काउंटरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय, काकांच्या अक्षरात. "१ ते १:४५ मशीनला हात लावू नये. काम चालू आहे." मागच्या शनिवारी गेले तेव्हा मी आठही मशीन्सचे लॉग बघितले, वार-लॉग फोल्डरमध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचं फोल्डर असतं त्यात. सात ठीक होत्या, सहा नंबरवर बारा दिवसांत काहीच नाही. कारण शोधलं तर त्याची नेटची वायर उंदराने कुरतडलेली, आणि पोरं फोनचं हॉटस्पॉट लावून ते मशीन वापरत होती, आणि अँड्रॉइडचं हॉटस्पॉट म्हटलं की लिनक्स ते मोजून मिळणारं नेट समजतं आणि अपडेट टाळतं, कुणाचा डेटा उडू नये म्हणून. काका म्हणाले वायर आणून ठेवलीय, तुझीच वाट बघत होतो. नवीन वायर टाकली, टोकं क्रिंप केली, १:०५ पर्यंत थांबले. काकांनी डबा उघडला, मला अर्धी भाकरी दिली, आणि सहा नंबरच्या दिव्याची लुकलुक सुरू झाली.